चिमट्यातला खडा

"मोठाच घ्यायचा," इंदूकाकी म्हणाल्या. "त्यात बोलण्यासारखं काही नाही."

म्हणाल्या मला, पण बघत होत्या माझ्या कानाच्या बाजूने, मागच्या भिंतीकडे. ही त्यांची सवयच होती. मला पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा मी पोह्यांची ताटली घेऊन समोर गेले आणि चांगली तोंडभर हसले, तर बाईंनी त्या हसण्याची दखलच घेतली नाही. पाया पडले तेव्हा मात्र माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ कुरवाळत राहिल्या. माझी आई त्या कुरवाळण्यावर भाळली. मी नव्हते भाळले. समोरचं माणूस हसल्यावर हसायचं नाही आणि मग गाल कुरवाळायचे, ही मला मुदतीआधी निवृत्त झालेल्या मास्तरणीची घमेंड वाटली होती.

आम्ही कोल्हापुरात, सराफांच्या गुजरीत, पोतदारांच्या दुकानात बसलो होतो. रविवारी माझा साखरपुडा होता. मुलीची अंगठी मुलाकडच्यांनी घ्यायची, म्हणून इंदूकाकी आल्या होत्या, त्यांचा मुलगा धैर्यशील आला होता, आणि आमच्याकडून मी आणि माझे वडील, आप्पा. दुकानदार नारायणराव पोतदार यांनी पांढरं फडकं पसरून त्यावर दोन पुड्या उघडल्या होत्या. एका पुडीत मोठा हिरा, दुसरीत लहान. किंमत दोन्हींची सारखीच, आणि घोळ नेमका तिथेच होता. मोठा हिरा हरभऱ्याच्या डाळीएवढा होता, पण पिवळट झाक मारत होता आणि पोतदारांनीच सांगितल्याप्रमाणे त्याच्या पोटात काळा ठिपका होता. लहान हिरा बारीक, पण त्याचं पाणी असं स्वच्छ की बघत राहावं.

मला लहान हवा होता. त्याला कारण होतं. मी तेव्हा शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात नोकरीला होते. ओतीव लोखंडाचे भाग समोर यायचे, मी ते उलटेसुलटे करून तडा, भोक, फोड शोधायची, आणि सापडलं की लाल रंगाची फुली मारायची. माझं कामच मुळी माल नापास करण्याचं. स्थळांच्या बाबतीतही माझा लाल डबा सदैव उघडा असायचा, त्यामुळे घरात मला सगळे 'रिजेक्शन मॅडम' म्हणायचे. अशा बाईने आयुष्यभर बोटावर काळा ठिपका घेऊन हिंडायचं?

"काकी, त्याच्या पोटात ठिपका आहे," मी म्हटलं.

"नुसत्या डोळ्यांनी कुठं दिसतो तो?"

"मला माहीत आहे ना, तो आहे ते."

"आणि लहान घेतलास तर काय दिसणार? बोटावर काही आहे की नाही इथून सुरुवात."

"दिसायला कुणाला पाहिजे? लोकांना?"

"लोकांचं काय घेऊन बसलीस!" काकींचा आवाज चढला. "दिसायला पाहिजे, एवढंच."

आप्पांनी घसा खाकरला. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, भांडण आलं की पाणी सोडून द्यायचा त्यांचा स्वभाव. "पद्मे, त्यांचा मान आहे. घेऊ दे की त्यांना हवा तो."

मी धैर्यशीलकडे बघितलं. आदल्याच आठवड्यात हाच माणूस मला म्हणाला होता, "अंगठी तुमच्या पसंतीची. आईला मी सांगतो." आता तो फडक्याकडे बघत बसला होता.

"तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"मोठा घेऊया," तो म्हणाला. "आई म्हणते तर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसावर मी लाल फुली मारली नव्हती त्याचं कारणही सांगते. बघण्याच्या कार्यक्रमात त्याने मला विचारलं होतं, "माझ्यात नापास करण्यासारखं काय दिसतंय?" मी म्हटलं, "मिशी." पुढच्या भेटीला गडी मिशी उतरवून आला. कॉलेजात इतिहास शिकवायचा, हातात चिटोरं न घेता तासभर बोलायचा, आणि माझ्या तिरक्या बोलण्यावर मोकळेपणाने हसायचा. अख्खं कोल्हापूर संध्याकाळी रंकाळा तलावावर भेळ खायला जातं. हा मला भर दुपारी उन्हात घेऊन जायचा आणि दिवस कलायच्या आत घरी पोचवायचा. केवढा सभ्य, असं आई म्हणायची. स्वतःच्या आईला आपला दंड धरायला देऊन चालवायचा, रस्ता ओलांडून द्यायचा, खुर्चीपर्यंत आणून बसवायचा. केवढा मातृभक्त, असंही आईच म्हणायची. मला आता वाटायला लागलं होतं की ही मातृभक्ती आपल्याला महागात पडणार. आज अंगठीवरून मान तुकवली, उद्या कशाकशावरून तुकवेल? रविवार तोंडावर आला होता, हॉल ठरला होता, आणि मला उठून घरी जावंसं वाटत होतं.

"मग बोलणंच संपलं," इंदूकाकी म्हणाल्या. "पोतदार, मोठा बांधा."

"बांधतो, वहिनी. पण आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे." पोतदारांनी गळ्यात अडकवलेलं भिंग काढलं.

त्यांच्या दुकानाची ही रीत त्यांच्या वडिलांपासून चालत आली होती. हिरा विकायचा तर आधी त्याची खोट दाखवायची. जो पैसे मोजणार, त्याने स्वतः भिंगातून ती बघायची आणि तोंडाने म्हणायचं, 'दिसली.' मगच खडा कारागिराकडे जायचा. मागाहून कुणी यायला नको, की आम्हाला सांगितलं नव्हतं.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," काकी म्हणाल्या.

"विश्वासाचा प्रश्नच नाही, वहिनी. न बघता मी आमच्या व्याह्यांनासुद्धा दिला नाही."

"आईऐवजी मी बघतो," धैर्यशील घाईने म्हणाला.

"पैसे कोण देणार? त्या ना? मग त्यांनीच बघायचं." पोतदार हसले. त्यांना वाटलं, बाई आढेवेढे घेताहेत.

काकींनी मग मान ताठ केली आणि हात पुढे केला. पोतदारांनी भिंग त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उजव्या डोळ्याला लावलं. पोतदारांनी चिमट्यात मोठा हिरा धरला आणि उजेडाच्या बाजूने त्यांच्या समोर नेला. चिमट्याची पकड जरा जास्त झाली की हिरा उडतो, ओल्या साबणासारखा. तसाच तो उडाला. खाली फडकं होतं म्हणून आवाज झाला नाही. खडा पोतदारांच्या बाहीशी जाऊन पडला आणि चिमटा रिकामा राहिला.

इंदूकाकी भिंगातून त्या रिकाम्या चिमट्याकडे बघत होत्या.

"दिसली," त्या म्हणाल्या. "काळा ठिपका. एवढुसा तर आहे. उगाच बाऊ केला पोरीने."

पोतदारांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, त्यांना काही कळलं नव्हतं. मला आधी वाटलं की बाईंनी बघण्याचीही तसदी घेतली नाही, नुसतं नाटक केलं. मी चिडलेली होतेच.

"कुठं आहे ठिपका, काकी? मध्ये की कडेला?"

"मध्येच आहे."

"नीट बघून सांगा."

"सांगितलं ना, मध्ये!"

"पद्मजा, नको," धैर्यशील म्हणाला. आजवर त्याने मला कधी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. त्याचा चेहरा त्या फडक्यासारखा झाला होता.

आणि मग मला सगळंच कळलं. माझ्या कानाच्या बाजूने बघणं, न बघितलेलं हसू, हातांनी वाचलेला माझा चेहरा, शाळेतून मुदतीआधी घेतलेली निवृत्ती, मुलाचा धरलेला दंड. कितीतरी दिवस सगळं माझ्या समोर पडलेलं होतं आणि मी, केसाएवढा तडा ओळखणारी बाई, त्याला घमेंड म्हणत होते.

"काय झालं?" इंदूकाकींनी भिंग डोळ्यापासून काढलं. "सगळे गप्प का बसलात?"

शेवटी पोतदारच हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, चिमट्यात खडा नव्हता. खाली पडलाय."

काकींनी भिंग काचेच्या टेबलावर ठेवायला हात खाली नेला. टेबल त्यांना वाटलं तिथं नव्हतं. भिंग फरशीवर पडलं आणि घरंगळत आप्पांच्या पायाशी आलं.

"म्हणजे?" आप्पा म्हणाले. "वहिनींना दिसत नाही?"

"उजेड कळतो," काकी म्हणाल्या. ताठ बसलेलं ते अंग आता खचलं होतं, पण आवाज शाळेतलाच होता. "समोर अगदी जवळ काही धरलं तर मधोमध थोडं दिसतं. बाकी सगळं गेलं."

"कशानं?"

"डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेकडेनं नजर आत यायला लागते. माझ्या वडिलांना होता."

आप्पा उठून उभे राहिले. भांडणात पाणी सोडून देणारा माझा बाप त्या दिवशी पहिल्यांदा धरणासारखा उभा राहिलेला मी बघितला. "वडिलांना होता. तुम्हाला आला. आणि या मुलाला?"

"नाही," काकी म्हणाल्या.

"तपासलंय?"

आप्पांनी धैर्यशीलकडे बघितलं.

"नाही तपासलं," तो म्हणाला.

"रंकाळ्यावर दुपारी का न्यायचास मला?" मी विचारलं. अहोजाहो कधी गळून पडलं, माझं मलाच कळलं नाही.

त्याने मान वर केली. "अंधारात अडखळायला होतं. दोन वर्षं झाली असतील. म्हटलं, थकव्याने होत असेल. तपासून घेतलं नाही तोवर आजार नाही, असं धरून चाललो होतो."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"साखरपुडा झाल्यावर."

"वा!"

"मीच सांगितलं होतं त्याला, बोलू नको म्हणून," काकी म्हणाल्या. "याआधी एका ठिकाणी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी निरोप आला. मग मी म्हटलं, एकदा माणसं जोडली गेली की मग सांगू."

आमच्या फाउंड्रीत एक लबाडी चालायची. कास्टिंगला भोक पडलं की एखादा बहाद्दर त्यात पुट्टी भरायचा, वरून घासून गुळगुळीत करायचा आणि माझ्याकडे पाठवायचा. भोकाचं मला कधी वाईट वाटलं नाही. लोखंड ओतलं की कुठंतरी भोक पडणारच. पण नखाने खरवडल्यावर आत पुट्टी लागली की माझं डोकं फिरायचं. त्या दुपारी पोतदारांच्या दुकानात माझं तसंच झालं. मला या दोघांचा संताप आला, आणि त्या संतापाच्या तळाशी, खरं सांगते, मला फार रडू येत होतं. मला तो माणूस आवडला होता.

"चल, पद्मे," आप्पा म्हणाले. "विषय संपला."

"आप्पा, थांबा."

"अजून काय राहिलंय?"

"मी खरवडून बघितल्याशिवाय फुली मारत नाही." मी धैर्यशीलकडे वळले. "उद्या मिरजेला जायचं. डोळ्यांच्या दवाखान्यात. माझ्यासमोर तपासायचं."

"आणि आजार निघाला तर?" त्याने विचारलं.

"ते उद्या."

"साखरपुड्याची माणसं बोलावलीत आम्ही," आप्पा म्हणाले.

"ती माणसं जेवून जातील, आप्पा. राहायचं मला आहे."

इंदूकाकी चाचपडत उठल्या. "खडे ठेवून द्या, पोतदार."

"दोन्ही पुड्या उद्या संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवतो," पोतदार म्हणाले. "घेतले तर घ्या, नाही तर नाही." मघाच्या चुकीने ते खजील झाले होते. आप्पांच्या पायाशी पडलेलं भिंग त्यांनीच वाकून उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं मिरजेला गेलो. आप्पा पुढच्या बाकावर बसले आणि हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं, तरी मागे वळून बघितलं नाही. धैर्यशील आणि मी शेजारी बसलो होतो, मध्ये माझी पर्स ठेवून.

"रात्री घरी काय झालं?" त्याने विचारलं.

"आई रडली. आप्पा जेवले नाहीत."

"आमच्याकडेही तसंच."

त्याने खिडकीची काच सरकवली.

दवाखान्यात त्याच्या डोळ्यांत थेंब घातले आणि आम्हाला बाकावर बसवलं. थेंबांनी बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो. आप्पा चहा प्यायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत. ते मुद्दाम आले नाहीत, हे मला कळत होतं.

"एक विचारू?" मी म्हटलं. "अंगठी माझ्या पसंतीची, असं म्हणाला होतास. मग दुकानात मान का तुकवलीस?"

तो डोळे मिटून भिंतीला टेकून बसला होता. "आदल्या दिवशी आई मला न घेता पोतदारांच्या दुकानात जाऊन आली. शेजारच्या बाईंना घेऊन. पोतदार तेव्हा दुकानात नव्हते, नोकर होता. दोन्ही हिरे तिने हातात घेऊन, खिडकीच्या उन्हात डोळ्याशी धरून बघितले. लहान तिला दिसलाच नाही. मोठा हलवला की काहीतरी लकाकलेलं कळलं."

"म्हणून मोठा?"

"सुनेच्या बोटावर आपण काय घातलं, ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय, म्हणाली. एवढंच होतं. तुला सांगायचं तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं."

'दिसायला पाहिजे, एवढंच,' असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी विचारलं होतं, लोकांना? त्यांनी माझ्याकडून ते ऐकून घेतलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याने, मशीनने, ठिपके दाखवून, बराच वेळ तपासलं. मग त्यांनी आम्हाला दोघांनाही समोर बसवलं, आणि आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "आजार तोच, आईंचा आहे तो. वेग कमी दिसतोय, पण थांबवता येणार नाही."

"किती वर्षं?" धैर्यशीलने विचारलं.

"नेमकं कुणी सांगू शकत नाही. वीस वर्षं चांगली जातील, कदाचित जास्त. मधली नजर काहींना शेवटपर्यंत थोडी राहते."

"मुलांना?" मी विचारलं. आप्पा दारात चुळबुळले.

"येऊ शकतो. नाहीही येणार. दोन्ही शक्यता सारख्याच."

बाहेर आलो तर मिरजेचं टळटळीत ऊन. थेंबांमुळे धैर्यशीलला डोळे उघडवेनात. दवाखान्यातून एक काळा कागदी चष्मा दिला होता, तो घालून तो पायरीवर उभा राहिला. समोर रस्ता, रिक्षा, सायकली. त्याने पाय पुढे टाकला आणि मागे घेतला.

"तू मोकळी आहेस, पद्मजा," तो म्हणाला. "आप्पांबरोबर जा. मी येतो मागच्या गाडीने."

"या अवस्थेत?"

"उतरेल तासाभराने."

"हात दे," मी म्हटलं.

त्याने हात पुढे केला, पण माझा हात धरला नाही. कोपराच्या वर दंडाला धरलं, जसं इंदूकाकी त्याला धरायच्या. हे धरणं त्या घरात कितीतरी वर्षं चालत आलं असणार. मी त्याला रस्ता ओलांडून दिला. पलीकडे पोचलो तरी त्याने हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही. मला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण आदल्या दिवसाचा संताप कुठं गेला होता कोण जाणे. पुट्टी निघाली होती. आता नुसतं भोक होतं, आणि भोक मला समजतं. आमच्याकडे असा माल यायचा की भोक आहे, पण ज्याला तो भाग वापरायचा तो माणूस येऊन बघायचा, आपल्या मशीनचा भार मनाशी तोलायचा आणि सही करून घेऊन जायचा. त्यावर मी लाल फुली मारत नसे.

येताना बसमध्ये आप्पा माझ्या शेजारी बसले. धैर्यशील पुढे, काळा चष्मा लावून झोपल्यासारखा.

"काय करायचं ठरवलंस?" आप्पांनी हळूच विचारलं.

"तुम्ही सांगा."

"मी बाप आहे. मी नकोच म्हणणार."

"आणि बाप नसतात तर?"

ते खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले. "काल पळून गेला असता तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं. आज सगळं ऐकून घेतलंन, खुर्चीवरून हलला नाही. मग तुला मोकळं केलंन." आप्पांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "अवघड आहे गं, पोरी. नुसतं आज बघू नको."

"आज बघत नाहीये, आप्पा. म्हणूनच भीती वाटतेय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

स्टँडवर उतरल्यावर मी रिक्षावाल्याला गुजरी सांगितली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि आत बसले.

पोतदारांच्या दुकानात इंदूकाकी बसल्या होत्या. "शेजारच्या बाई दुपारीच आणून सोडून गेल्या," पोतदार कुजबुजले. "घरी बसवेना म्हणाल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही." आमची पावलं ओळखून काकींनी तोंड दाराकडे वळवलं.

"धैर्या?"

"आई, आहे मला," तो म्हणाला. "सुरुवात आहे."

काकींनी पदर तोंडाशी नेला. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आप्पासाहेब, चूक माझी आहे. हॉलवाल्याला मी सांगते. मुलीचं नाव कुठं यायला नको. स्थळ आम्हीच मोडलं, असं सगळ्यांना सांगू."

आप्पा माझ्याकडे बघत होते. धैर्यशील जमिनीकडे. मी पोतदारांच्या समोरच्या स्टुलावर बसले.

"पुड्या काढा," मी म्हटलं.

त्यांनी फडकं पसरलं आणि दोन्ही पुड्या उघडल्या. लहान हिरा काल होता तेवढाच स्वच्छ होता. आजही माझा जीव त्याच्यावर आहे, खोटं कशाला बोलू.

"मोठा बांधा," मी म्हटलं.

"कशाला, बाळ?" काकींचा आवाज फुटला. "तुला लहान आवडला होता ना? आता माझ्यासाठी नको गं."

"तुमच्या एकट्यांसाठी नाही, काकी. आता दोघांना दिसायला पाहिजे."

आप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसायला लागले. धैर्यशील कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला. त्याच्या पाठीवरून मला कळत होतं.

पोतदारांनी भिंग उचललं, काकींकडे बघितलं आणि ते माझ्या हातात दिलं. या वेळी चिमटा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. मी बघितलं. हिऱ्याच्या पोटात तो काळा ठिपका होता, मध्ये नव्हे, कडेला.

"दिसली," मी म्हटलं.

रविवारी साखरपुडा झाला. अंगठी घालून झाल्यावर इंदूकाकींनी मला हॉलच्या खिडकीशी नेलं, माझं बोट आपल्या डोळ्याशी धरलं आणि उन्हात इकडून तिकडे हलवलं. हॉलभर माणसं बघत होती. "दिसला गं," त्या म्हणाल्या, आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आमच्या मुलीला आम्ही लहानपणीच सगळं सांगून टाकलं. तिचे डोळे दरवर्षी तपासतो, अजून तरी ठीक आहेत. धैर्यशील अजून शिकवतो. हातात चिटोरं घ्यायची सवय त्याला आधीपासूनच नव्हती. माझा दंड धरून तो कॉलेजच्या पायऱ्या चढतो आणि वर गेल्यावर पोरांना पाठांतराच्या जोरावर दरडावतो. भांडतोही माझ्याशी, चांगला तासभर.

रोज सकाळी मी चहा घेऊन आले की तो माझा हात ओढून खिडकीतल्या उन्हात धरतो आणि बोट हलवतो. "दिसतोय," म्हणतो.

इंदूकाकींना त्या दिवशी खरंच दिसला होता का, मला माहीत नाही. याला अजून दिसतो का, तेही माहीत नाही. पण ठिपका मध्ये आहे की कडेला, हे मी पुन्हा कुणालाच विचारलं नाही.